चेपलेलं अक्षर आणि आखलेलं अक्षर

‘नांव बसना, मातशें चेप आनी तिरकें कर.’ गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात हे कोंकणी वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. मराठीत बोलणारं गिऱ्हाईक असलं तर ‘जरा आवळा आणि तिरपं करा’. देवळाच्या उत्सवातल्या नाटकाची जाहिरात असो, फुटबॉलची जर्सी असो की काजूच्या पाकिटावरचं लेबल असो, मागणी तीच. आणि करायला सोपी. कोरलड्रॉ या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये नावाच्या कडेचा काळा ठिपका माऊसने पकडायचा, आत ढकलायचा, मग नावावर पुन्हा क्लिक करून वरचा बाण उजवीकडे ओढायचा. नाव चौकटीत बसतं, वेगवान दिसतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं.

मी हे कित्येक वर्षं केलं. आता करवत नाही. कारण गिऱ्हाइकाला जे हवं असतं ते अक्षर जगात आधीच कुणीतरी मेहनतीने काढून ठेवलेलं आहे. त्याला कंडेन्स्ड इटालिक सान्स-सेरिफ म्हणतात. नाव लांबलचक असलं तरी अर्थ साधा आहे. सेरिफ म्हणजे रोमन अक्षरांच्या टोकांना असलेले बारीक पाय. ते नसले की सान्स-सेरिफ. कंडेन्स्ड म्हणजे अरुंद, कमी जागेत बसणारं. इटालिक म्हणजे उजवीकडे कललेलं. बिनपायांचं, अरुंद, तिरपं अक्षर. ठिपका ढकलून मी बनवत होतो ते आणि हे, दोन्ही लांबून एकसारखी दिसतात. जवळ गेल्यावर फरक कळतो, आणि एकदा कळला की डोळ्यांना तो खुपत राहतो.

या तीन गोष्टी एका दिवशी जन्मल्या नाहीत. तिरपं अक्षर सगळ्यांत जुनं. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउस या प्रकाशकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफ्फोने हाताच्या भरभर लिखाणावरून तिरपे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) कोरले आणि 1501 साली त्या खिळ्यांनी व्हर्जिलच्या काव्याची लहान आकाराची प्रत छापली गेली. तेव्हा ते अक्षर जोर देण्यासाठी नव्हतंच. अख्खं पुस्तक त्यात होतं, आणि मोठी (कॅपिटल) अक्षरं तर उभीच होती. इटलीतून आलं म्हणून इटालिक. त्यानंतर अवघ्या 55 वर्षांनी, 1556 साली, अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला छापखाना आपल्याकडे जुन्या गोव्यात उतरला आणि सेंट पॉल कॉलेजात राहिला. भारतातलं खिळ्यांचं छापकाम तिथून सुरू झालं. थॉमस स्टीफन्सचं मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं तेसुद्धा रोमन लिपीत. म्हणजे गोव्यात छापलेल्या मराठीने पहिला अंगरखा रोमन अक्षरांचाच घातला होता, आणि आज दुकानात मी रोमन आणि देवनागरी शेजारी शेजारी बसवताना जी कसरत करतो तिची मुळं बरीच खोल आहेत.

बिनपायांचं अक्षर त्या मानाने कालचं. लंडनच्या विल्यम कॅसलन चौथ्याने 1816 च्या सुमारास ते खिळ्यांच्या नमुन्यात दाखवलं, तेही फक्त मोठ्या लिपीत, म्हणजे कॅपिटल अक्षरांत. अरुंद अक्षराला जोर आला तो जाहिरातींमुळे. 1828 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने लाकडी खिळ्यांची नमुनापुस्तिका काढली. मोठ्या आकारात शिशाचा खिळा जड आणि महाग पडायचा, लाकडाचा हलका आणि स्वस्त. कागदाची रुंदी ठरलेली, प्रत्येक ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत भरायची. मग शब्द लांब असला की अरुंद अक्षर घ्यायचं, आखूड असला की रुंद. आपल्या तियात्राच्या (कोंकणी रंगभूमीवरच्या खेळाच्या) आणि नाटकाच्या भित्तिपत्रकांवर आजही हेच दिसतं. कलाकारांच्या नावांची ओळ भरायची असते, कुणाचं नाव चार अक्षरांचं, कुणाचं आडनावासकट बारा अक्षरांचं, आणि कुणाचंही नाव दुसऱ्यापेक्षा बुटकं दिसून चालत नाही.

हे सगळे प्रकार एका घरात नीट नांदवण्याचं श्रेय मी आद्रियान फ्रुटिगर या स्विस अक्षररचनाकाराला देतो. 1957 मध्ये आलेल्या त्याच्या युनिव्हर्स या अक्षरकुटुंबाला नावांऐवजी आकडे होते. पहिला आकडा जाडी सांगतो, दुसरा रुंदी आणि कल. 55 म्हणजे साधं. 56 म्हणजे तेच, पण तिरपं. 57 अरुंद. आणि 58 म्हणजे अरुंद आणि तिरपं, आपलं आजचं पाहुणं. जाडी वाढवली की 67 आणि 68. दुसरा आकडा विषम असेल तर अक्षर उभं, सम असेल तर कललेलं. 58 हे 55 ला चेपून झालेलं नाही, ते वेगळं आखलेलं आहे, आणि आकड्यांच्या तक्त्यात त्याला स्वतःचं घर आहे.

आता चेपल्यावर नेमकं काय बिघडतं ते पाहू. इथे थोडं गणित आहे, पण दुकानातल्या पट्टीचं.

समजा एका मोठ्या अक्षराचा उभा दांडा 20 मिमी जाड आहे आणि आडवी पट्टी 18 मिमी. बहुतेक अक्षरांत आडवी पट्टी किंचित बारीकच ठेवतात, कारण सारख्या जाडीची आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड वाटते. आता हे अक्षर 60 टक्क्यांवर चेपलं. रुंदीच कमी झाली, उंची तीच. म्हणून उभा दांडा 12 मिमी झाला आणि आडवी पट्टी 18 चीच राहिली. जे बारीक असायला हवं तेच जाड झालं. वर-खाली जड आणि बाजूंना काडी. घराचे खांब अर्धे तासून वरची तुळई तशीच ठेवावी, तसं.

रोमन ‘ओ’ तर अजून बोलका. चेपलेला ‘ओ’ अंड्यासारखा होतो, बाजूंनी बारीक, डोक्यावर आणि बुडाशी जाड. आखलेल्या अरुंद ‘ओ’ची बांधणीच वेगळी: मैदानाच्या धावपट्टीसारखी. दोन बाजू जवळजवळ सरळ, वर आणि खाली अर्धगोल. बाजू सरळ केल्यामुळे अक्षराच्या पोटात जास्तीत जास्त मोकळी जागा वाचते. अरुंद अक्षराचा सगळा जीव त्या पोटातल्या जागेत असतो. अक्षर 30 मिमी रुंद असेल आणि त्याचे दोन दांडे 11 मिमीचे असतील तर मध्ये 8 मिमी उरतात. दांडे 12 चे केले तर उरले 6. एका मिलिमीटरच्या मोहाने पाव पोट गेलं. म्हणून अक्षर आखणारा अरुंद ठळक रूपात दांडे थोडे कमी जाड ठेवतो, आणि जिथे कमान दांड्याला मिळते तिथे रेघ बारीक करत नेतो, नाहीतर त्या कोपऱ्यात शाई साठून काळा डाग दिसतो.

अक्षरांमधल्या जागेचंही तसंच. अरुंद अक्षरांची ओळ म्हणजे उभ्या दांड्यांची ओळ, माडांच्या लावणीसारखी. झाडं सारख्या अंतरावर असली तर नजर सरळ आत जाते. दोन जवळ आणि तिसरं लांब असलं की अडखळते. अक्षराच्या पोटातली जागा आणि दोन अक्षरांमधली जागा यांचा ताल जुळला पाहिजे. चेपलेल्या ओळीत दोन्ही एकाच हिशेबाने कमी होतात खऱ्या, पण मूळ अंतर रुंद अक्षरासाठी मोजलेलं असतं, त्यामुळे दांडे बारीक झाल्यावर ओळ फाटकी वाटते.

कल देण्यात वेगळीच गंमत आहे. गोल कड्याला उजवीकडे ढकललं की त्याची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. वरचा उजवा आणि खालचा डावा खांदा जाड होतो, समोरासमोरचे दुसरे दोन खांदे बारीक. कागदावर एक जाडसर वर्तुळ काढून संगणकावर तिरपं करून बघा, लगेच दिसेल. चांगल्या फॉन्टमध्ये हे चारही खांदे हाताने दुरुस्त केलेले असतात. काही फॉन्टमध्ये दुरुस्तीच्याही पुढे जाऊन अक्षराचं रूपच बदलतात. गिल सान्सच्या तिरप्या रूपात छोट्या लिपीतला ‘ए’ दुमजलीचा एकमजली होतो, हाताने लिहितो तसा. बरेच सान्स फॉन्ट मात्र रूप तेच ठेवून नुसता कल देतात. त्याला ऑब्लिक म्हणतात, आणि नीट दुरुस्त केलेलं असेल तर त्यात कमीपणा काही नाही.

कोनाचं सांगतो. सान्स अक्षरांत कल साधारण 8 ते 12 अंशांचा असतो. 10 सेमी उंचीचं अक्षर 12 अंशांनी कललं की त्याचा माथा 2.1 सेमी उजवीकडे सरकतो. अक्षर 6 सेमी रुंद असेल तर हा सरक रुंदीच्या एक तृतीयांश. पण तेच अक्षर अरुंद, 3 सेमीचं असेल तर सरक रुंदीच्या दोन तृतीयांशांहून जास्त! कोन तोच, पण अरुंद अक्षर पडतंय की काय असं वाटायला लागतं. म्हणून अरुंद रूपात थोडा कमी कल शोभतो असं माझं मत आहे. आणखी एक खाच: आधी तिरपं करून मग 60 टक्क्यांवर चेपलं तर 12 अंशांचे सात-सव्वासातच उरतात. आधी चेपून मग तिरपं केलं तर 12 चे 12. एकाच भित्तिपत्रकावर दोन ओळी दोन क्रमांनी केल्या तर त्या वेगवेगळ्या वाऱ्यात सापडल्यासारख्या दिसतात. पावसाच्या सरी एका बाजूला कशा कललेल्या असतात, तसा सगळ्या ओळींचा कल एक हवा.

मग हे अक्षर वापरायचं कुठे? सगळ्यांत ओळखीची जागा म्हणजे खेळ. तिरपेपणात पुढे झुकून धावण्याची खूण आहे, अरुंदपणामुळे लांब नाव मोठ्या उंचीत बसतं, आणि बिनपायांची रेघ लांबून स्वच्छ दिसते. टीव्हीवरच्या धावफलकाच्या पट्ट्या, शर्यतीच्या गाड्या, सेलची पत्रकं, बसच्या कुशीवर रंगवलेली नावं, सगळीकडे तेच.

मला स्वतःला मात्र त्याचा वेगळाच वापर सगळ्यांत आवडतो: नकाशात. नकाशाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे गावांची नावं उभ्या अक्षरांत आणि पाण्याची नावं तिरप्या अक्षरांत लिहितात. त्यामुळे नाव न वाचताच कळतं की हे गाव आहे की नदी. गोव्याचा रोमन लिपीतला नकाशा तयार करायला घेतला की याची किंमत समजते. मांडवी आणि झुआरीच्या मुखाशी भरपूर जागा, तिथे कुठलंही अक्षर चालेल. पण या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा घ्या. पाणी चिंचोळं, नाव लांब, आजूबाजूला गावांची गर्दी. किंवा वळणं घेत बेतूलला समुद्राला मिळणारी साळ नदी. तिथे नाव वळणाबरोबर वळवावं लागतं. साधं तिरपं अक्षर घेतलं तर नाव काठावरच्या गावांवर चढतं. आकार लहान केला तर वाचता येत नाही. अरुंद तिरपं सान्स घेतलं की छोट्या लिपीची उंची तीच राहते आणि नाव पाण्यातच राहतं. एका पर्यटक नकाशासाठी मी हे बसवत होतो तेव्हा एकेक अक्षर वळणावर फिरवून ठेवलं, आणि शेवटी निळं नाव निळ्या रेघेला समांतर वाहताना दिसलं. त्या दिवशी मला कळलं की अरुंद अक्षर हे नुसतं जागा वाचवण्यासाठी नसतं.

पाट्यांवरही रोमन लिपीची आपल्याकडे खास अडचण आहे. ‘डिचोली’ तीन अक्षरांत संपतं, पण पोर्तुगीज वळणाच्या रोमन स्पेलिंगला आठ अक्षरं लागतात. ‘कुडचडे’ चार, रोमनमध्ये नऊ. दोन्ही लिप्या एकाच पाटीवर सारख्या उंचीने हव्या असतील तर रोमनला अरुंद व्हावंच लागतं. इथे मी अरुंद घेतो, तिरपं घेत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाटी क्षणभर दिसते, आणि त्या क्षणात अक्षराची मोकळी पोटं आणि उघडी तोंडंच कामाला येतात. अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या पाट्यांसाठी ए ते एफ अशी अरुंदपासून रुंदपर्यंत अक्षरमाला ठरलेली होती; त्यातली सगळ्यांत अरुंद ‘ए’ लांबून वाचता येईना म्हणून वापरातून काढून टाकली. अरुंदपणाला एक तळ असतो आणि त्याच्या खाली जाऊ नये.

तो तळ मी एकदा ओलांडला. गावातल्या वाड्यावाड्यांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी जर्सीचं काम होतं. पोरांना सगळं ‘फास्ट’ दिसायला हवं होतं, म्हणून पाठीवरचे आकडेही मी ठळक तिरप्या अक्षरात घेतले आणि, खरा फॉन्ट हाताशी नव्हता म्हणून, ठिपका ढकलून चेपले. व्हिनाइल (जर्सीवर चिकटवायचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा) कापून झाल्यावर नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढावा लागतो. 8 च्या दोन पोटांतले तुकडे इतके बारीक झाले होते की चिमट्याला सापडेनात, आणि 6 च्या तोंडातली फट दोऱ्याएवढी. तिथेच मी थांबायला हवं होतं. हीट प्रेसखाली ठेवल्यावर कडा आणखी पसरल्या. सामन्यात घामाने जर्सी अंगाला चिकटली, कापडाला चुण्या पडल्या, आणि माईकवरचा माणूस 6 ला 8 म्हणायला लागला, 3 लाही 8 म्हणायला लागला. एका मुलाने मारलेला गोल दुसऱ्याच्या नावावर जाहीर झाला. त्या मुलाची आई बाजूलाच उभी होती. तिने माझ्याकडे वळून ‘नंबर वाचता येत नाही का हो?’ एवढंच विचारलं.

आकड्यांची गोष्ट अशी की 3, 6, 8 आणि 9 यांच्यात फरक फक्त कुठलं तोंड उघडं आहे एवढाच. 3 ची दोन्ही तोंडं डावीकडे उघडी, 6 चं वरचं उजवीकडे, 9 चं खालचं डावीकडे, 8 ची सगळी बंद. चेपल्यावर रेघांची टोकं एकमेकांजवळ येतात आणि तोंडं मिटतात. चांगला अरुंद आकडा आखताना टोकं मुद्दाम लवकर थांबवतात, म्हणजे तोंड उघडं राहतं. आता माझ्याकडे नियम ठरलेला आहे: पाठीवरचा आकडा उभा आणि ऐसपैस, त्याच्या वरचं नाव अरुंद आणि तिरपं. वेग नावात दिसतो, ओळख आकड्यात.

राहिली आपली देवनागरी. गिऱ्हाइकाला तीसुद्धा तिरपी हवी असते, आणि इथे मला हात जोडावे लागतात. रोमन लिपीतलं इटालिक हातच्या लिखाणातून आलं, देवनागरीत तशी वेगळी तिरपी छापील परंपरा घडली नाही. आपल्या अक्षराला शिरोरेषा आहे, आणि ती आडवी असल्याने कलतच नाही. कलतात ते तिच्याखाली लोंबणारे दंड. वळचणीच्या खाली पाऊस तिरपा व्हावा, पण वळचण जागची हलू नये, तसं. शिरोरेषेच्या वर असलेले रफार, मात्रा, अनुस्वार मात्र सगळ्यांत उंच, म्हणून तेच सगळ्यांत जास्त उजवीकडे सरकतात. ‘कर्म’ मधला रफार ‘म’च्या डोक्यावरून पुढे झुकतो, ‘मूर्तींचं’ सारख्या शब्दात वेलांटी, रफार आणि अनुस्वार मिळून पुढच्या ‘च’वर जाऊन बसतात. हे प्रत्येक अक्षराला हाताने परत जागेवर आणल्याशिवाय सुधारत नाही.

चेपण्याचाही त्रास देवनागरीला जास्त. दंड काडीसारखे बारीक आणि शिरोरेषा मात्र जाड; मघाचा खांब-तुळईचा घोटाळा इथे प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवा दिसतो. ‘ख’ चेपताना त्याचे दोन भाग नीट जोडलेले नसतील तर तो ‘रव’ वाचला जातो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांची पोटं बुजतात. सुदैवाने आता देवनागरीत मुळापासून अरुंद आखलेले फॉन्ट मोफत मिळतात. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘खंड’ आणि ‘टेको’ हे तसे आहेत, मथळ्यांसाठी उत्तम. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘अनेक देवनागरी’ या फॉन्टमध्ये तर रुंदी स्वतः कमी-जास्त करता येते, आणि ती चेपून नव्हे: अरुंद आणि रुंद अशी दोन्ही टोकं आखलेली असतात आणि मधल्या पायऱ्या फॉन्टच काढतो. 2016 मध्ये आलेल्या व्हेरिएबल फॉन्टच्या तंत्राने हे शक्य झालं. या तिन्हींत तिरपं रूप नाही, आणि मला त्याची उणीव वाटत नाही. मराठीत जोर द्यायला ठळक अक्षर आहे, रंग आहे, अवतरणचिन्ह आहे. जर्सीवर रोमन नाव तिरपं आणि त्याखाली वाड्याचं नाव खंडच्या उभ्या ठळक अक्षरात, अशी जोडी मी बसवतो. दांड्यांची जाडी सारखी असली की त्या दोन ओळी एका घरातल्या दिसतात.

फॉन्ट घेण्याआधी मी दोन-तीन शब्द टाइप करून बघतो. देवनागरीसाठी ‘दुसऱ्या’, कारण ‘ऱ्य’ अनेक शोभेच्या फॉन्टमध्ये मोडतो. ‘लखलख’, कारण त्यात ‘ख’ही कळतो आणि ‘ल’ मराठी वळणाचा आहे की हिंदी, तेही. रोमनसाठी आकडे 3, 6, 8, 9 ओळीने, सहा पावलं मागे जाऊन. आणि फॉन्टच्या यादीत कंडेन्स्ड इटालिक अशी वेगळी ओळ आहे का ते आधी पाहतो. ती नसताना इटालिकचं बटण दाबलं तर बरेच प्रोग्रॅम तक्रार न करता स्वतःच अक्षर ढकलून तिरपं करून देतात. वेबसाइटवर ब्राउझरही तेच करतो. ते थांबवायचं असेल तर वेबसाइट करणाऱ्याला फॉन्ट-सिंथेसिस बंद करायला सांगावं. मग खरं तिरपं रूप नसेल तिथे अक्षर उभंच दिसतं.

‘चेप आनी तिरकें कर’ म्हणणारे अजून येतात. मी त्यांना त्यांचंच नाव दोन्ही प्रकारांनी छापून शेजारी शेजारी ठेवून देतो, आणि दुसऱ्या कामाला लागतो. पाच मिनिटांत ते स्वतःच त्यातल्या एकावर बोट ठेवतात.